शिपायाचं केलं कोणी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाटघर धरणाच्या पाण्याला येसाजी कंक जलाशय असं नाव आहे. धरण इंग्रजांच्या काळातलं. वेळवंडी नदीवर पहिलं धरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालं. आज आपण पाहतो ते मोठं धरण, पंचेचाळीस स्वयंचलित दरवाज्यांचं, १९२८ साली पुरं झालं आणि त्याला लॉईड या गव्हर्नरसाहेबांचं नाव मिळालं. पाणी गेलं बारामती, इंदापूर, फलटणकडं. बुडाल्या त्या आमच्या खोऱ्यातल्या जमिनी. मे महिन्यात पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि लांबलांबून माणसं बघायला येतात. पाऊस लागला की देऊळ पुन्हा पाण्याखाली.

या पाण्याच्या वरच्या टोकाला, राजगडाच्या कुशीत, भुतोंडे हे गाव आहे. येसाजी कंकांचं गाव. शिवाजीमहाराजांच्या पायदळाचे सरनोबत म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. हत्तीशी झुंज दिल्याची गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. त्या मानानं फोंड्याची हकीकत कमी सांगितली जाते. १६८३ साली, संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीत, पोर्तुगीज विजरईनं फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. तेव्हा येसाजी वयानं थकत आलेले होते, तरी किल्ल्यात होते, आणि त्यांचा मुलगा कृष्णाजीही होता. किल्ला राखला. कृष्णाजी जबर जखमी झाला आणि पुढं मरण पावला.

मी भुतोंड्याला जेव्हा जेव्हा जातो तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न येतो. गोव्याच्या सरहद्दीपासून इथवर, घाट चढून, जखमी माणूस आणायचा म्हणजे किती दिवस लागत असतील? आणि घरी आणल्यावर त्याच्या उशाला बसायचं कोणी? जखम धुवायची कोणी, पाणी पाजायचं कोणी, रात्री कूस बदलायची कोणी? बखरींत हे नसतं. बखरकाराचं तेवढ्यानं काही चुकलं असं मी म्हणत नाही. तो दरबारात बसलेला होता, माजघरात नव्हे.

दरबारात मात्र हिशेब चोख होता, हे आधी सांगितलं पाहिजे. राजाराममहाराजांच्या काळात जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदानं बखर लिहिली. तीत प्रतापगडाच्या लढाईनंतर महाराजांनी काय केलं ते आलेलं आहे. पडलेल्यांच्या मुलांना सेवेत घेऊन चालवलं, मूल नसेल तर बायकोला निम्मं वेतन लावून दिलं, आणि जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. १६५९ सालची ही गोष्ट. त्याच सुमाराच्या युरोपात लंगडे-थोटे झालेले सैनिक गावोगाव भीक मागत हिंडत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं त्यांच्यासाठी पॅरिसला मोठं आश्रयस्थान बांधायला घेतलं ते १६७०च्या सुमारास. पेशवाईतही पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' असायची, जमिनीच्या किंवा रोख नेमणुकीच्या रूपानं. म्हणजे लढणाऱ्याच्या मागं राज्यानं उभं राहायचं, ही कल्पना आपल्याकडे साहेबानं आणली असं नाही.

पण या सगळ्या हिशेबात मोजलं काय जातं ते बघा. पडलेला माणूस मोजला जातो. जखम मोजली जाते. विधवा मोजली जाते. जिवंत परत आलेल्या माणसाचं पुढं पंचवीस-तीस वर्षं जे रोज करावं लागतं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक फार नेमका शब्द आहे, आणि तो इतका साधा आहे की त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. 'करणं'. "तिनं सासूचं केलं." "म्हाताऱ्याचं करायला घरात कोण नाही." काय केलं, हे कोणी विचारत नाही. न्हाऊ घातलं, भरवलं, बाहेर नेऊन आणलं, अंथरूण धुतलं, हे सगळं त्या एका क्रियापदात येतं. शुश्रूषा हा शब्द पुस्तकात, गावात 'करणं'. आज मला बोलायचं आहे ते शिपायाचं केलं कोणी, यावर.

सातारा, पुणे, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेल्या. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जाणारं साताऱ्याचं अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे. तिथला मृतांचा आकडा शेहेचाळीस सांगतात. मला लहानपणी त्या पाट्यांचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. पण मोठेपणी वजाबाकी करायची सवय लागली. समजा पन्नास गेले आणि पाच पडले, तर पंचेचाळीस परत आले. कसे आले? किती धडधाकट आले, किती कुबडीवर, किती डोळे गमावून? दगडावर त्याला जागा ठेवलेली नाही.

मराठा पलटणींनी त्या युद्धात सोसलं ते मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार, आणि शेवटी शरणागती. त्या आघाडीचे जखमी बोटीनं मुंबईला यायचे. इतके, की नव्यानं उभ्या राहिलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या इमारतीतही इस्पितळ थाटावं लागलं. आज आपण जिथं मूर्ती आणि लघुचित्रं पाहतो, तिथं खाटा होत्या.

याच धांदलीत १९१७ साली गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढलं. हात-पाय गमावलेल्या हिंदी शिपायांना शिवणकाम, विणकामाची यंत्रं, इंजिन चालवणं असे धंदे शिकवायची ही शाळा. पुढं ती पुण्याजवळ खडकीला आली आणि आजही चालू आहे. शंभरी ओलांडलेली अशी संस्था आपल्या दाराशी आहे, हे पुणेकरांतही फार थोड्यांना माहीत असतं. शिपायाला भीक न घालता कसब द्यावं, हा विचार त्या काळाच्या मानानं पुढचाच होता. पण शाळा उघडच अशांसाठी होती, ज्यांना काही ना काही करता येईल. ज्याला स्वतःचं अंथरूणही आवरता येणार नाही, त्याला पेन्शनीचा कागद आणि रेल्वेचा पास देऊन घरी पाठवलं जायचं.

घरी म्हणजे कुठं? आमच्या भागाचा विचार करा. भोर हे तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. रस्ते थोडे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस थांबायचं नाव नाही. घराचा उंबरा गुडघाभर, पुढं जोतं, अंगणात चिखल. संडास नावाची गोष्ट नाही. पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडं जायचं. पाय नसलेल्या माणसाला यातली एकेक गोष्ट म्हणजे गड चढणं होतं. तो चढायचा ते कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून. तो खांदा बहुतेक घरांत बायकोचा, आईचा, नाहीतर थोरल्या सुनेचा असायचा.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट आणखी वेगळी. १९४५ साली हिंदी सैन्य सुमारे पंचवीस लाखांवर गेलं होतं. लढाई संपली आणि बहुतेकांना घरी पाठवलं. नोकरी पेन्शनीला पुरेल इतकी झालेली नव्हती, त्यामुळं पेन्शन नाही. बूट, कोट, एखादं पदक आणि डिस्चार्जचं पुस्तक, एवढ्यावर ही माणसं परत आली. आमच्या भागातली बरीचशी पुन्हा मुंबईला गेली, गोदीत, गिरणीत, हमालीवर. त्यांच्यातल्या हयात असलेल्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारनं मानधन सुरू केलं, ते कित्येक दशकांनी. पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून निर्वाह अनुदान मिळतं. ते महिना एक हजार होतं, २०१७ मध्ये चार हजार झालं आणि नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार. वाढ चांगलीच आहे. ती बघायला किती जण उरले, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आता पाठीच्या कण्याला मार बसलेल्या शिपायाकडं येतो, कारण 'करणं' या शब्दाची खरी परीक्षा तिथं होते. कंबरेखाली संवेदना नाही, लघवी-शौचावर ताबा नाही. असा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात बहुधा काही महिन्यांत, फार तर एकदोन वर्षांत दगावायचा. गोळीनं नव्हे, पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या मार्गातल्या विषारानं. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथं १९४४ साली लुडविग गुटमन या जर्मनीतून आलेल्या ज्यू डॉक्टरनं हे चित्र पालटलं. त्याच्या उपायांतला पायाभूत उपाय कोणता होता? दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची. रात्रीसुद्धा. त्याला औषध लागत नाही, माणूस लागतो. त्याच गुटमननं १९४८ साली खुर्चीवरच्या रोग्यांचे खेळ सुरू केले, आणि त्यातून पुढं पॅरालिंपिक उभं राहिलं.

इथं आपला मराठी माणूस येतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, सैन्याच्या ईएमई विभागातले जवान. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, एक कण्यापाशी रुतून बसली. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, पण मिळाली, चित्रपटही निघाला. आनंदच आहे. मात्र पदक मिळवणारा एक असतो आणि त्याच गोळीनं खाटेला खिळलेले अनेक असतात. त्यांच्यासाठी, १९७१च्या युद्धानंतर, १९७४ साली खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघालं. चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळणारे, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान तिथले. घरी परत जाण्यासारखी परिस्थिती नसलेला सैनिक तिथं कायमचा राहू शकतो. माझ्या मते ही संस्था महत्त्वाची आहे ती एका कबुलीसाठी. काही जखमांचं करणं एका घराच्या आवाक्याबाहेरचं असतं, हे इथं मान्य झालं.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो असतो तर कदाचित इतकं बोललो नसतो. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, १९७१च्या लढाईत पश्चिम सरहद्दीवर होते. सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना पाय बसवून मिळाला. १९४४ पासूनचं हे केंद्र, आणि तिथला पाय चांगलाच होता. पण तो पाय डांबरी रस्त्यावरचा. भातलावणीच्या चिखलात त्याचा उपयोग नाही. पावसाळ्यात तो खुंटीला टांगलेला असायचा आणि तात्या काठीवर. संध्याकाळी काकी कोमट पाण्यानं तुटल्या पायाचं टोक धुवायची, कोरडं करायची, सोललं असेल तिथं तेल लावायची. रात्री तात्यांचा नसलेला पाय दुखायचा. काकी उठायची आणि उरलेला पाय चेपायची. त्यानं बरं वाटतं म्हणायचे.

एकदा मी कौतुकानं म्हटलं, "काकी, सरकारनं तात्यांना किती झकास पाय दिलाय." ती चुलीपुढून मागं न बघता म्हणाली, "दिला खरा. चालवायचा मला लागतो."

२००३ साली तात्यांना अर्धांगाचा झटका आला. त्याच वर्षी एक एप्रिलपासून माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू झाली होती. पेन्शनर आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांना पॉलिक्लिनिकमध्ये आणि ठरवून दिलेल्या इस्पितळांत मोफत उपचार. या योजनेनं हजारो घरं कर्जातून वाचवली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तात्यांचाही इलाज झाला. इस्पितळातून घरी सोडलं, औषधांची पिशवी हातात दिली, आणि तिथून पुढं काकी. डावं अंग लुळं, त्याच बाजूचा पाय आधीच नाही. ती तेव्हा साठीच्या घरात होती. दोघं मुलगे पुण्याला, सुना नोकरीवर. शेजारच्या पोरांना हाक मारून ती त्यांना उचलून घ्यायची. रात्री हाक मारायला कोणी नसायचं.

कोणीतरी मला सांगितलं की, अशांसाठी भत्ता असतो. असतो खरा. त्याचं नाव कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे सतत माणूस जवळ लागतो म्हणून दिलेला भत्ता. ब्रिटनमध्ये ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळातच रुजली. आपल्या सैनिकी पेन्शनीच्या नियमांतही ती आहे. १९९६ पासून तो महिना सहाशे रुपये होता, २००६ पासून तीन हजार, आणि सातव्या वेतन आयोगानंतर सहा हजार सातशे पन्नास. रक्कम बाजूला ठेवा. कागदावर 'करणारं माणूस' या गोष्टीला किंमत असते, असं मान्य करणारी ही एकच तरतूद मला आजवर सापडली. मी अर्ज लिहिला, काकीचा अंगठा घेतला, एका कार्यालयात दिला. सात महिन्यांनी उत्तर आलं. भत्ता शंभर टक्के अपंगत्व असलेल्यांना मिळतो. तात्यांचं त्याहून कमी. आणि झटका हा काही युद्धातला नव्हे.

नियमानं उत्तर बरोबर होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यात चूक सापडली नाही. पाय १९७१ साली गेला तेव्हा टक्के ठरले. पुढं त्या एका पायावर बत्तीस वर्षं भार पडला, गुडघा झिजला, कंबर गेली, वय झालं, झटका आला. शरीर हे सगळं एकत्र भोगतं. फाइलीत जखम एका कागदावर असते आणि म्हातारपण दुसऱ्या.

तात्या २००७ साली गेले. काकीला कुटुंब निवृत्तिवेतन लागलं. वेळेवर लागलं, विनातक्रार. विधवा म्हणून तिची नोंद झाली. आधीची छत्तीस वर्षं कुठंच नाहीत, म्हणजे मी ज्याला रकाना म्हणतो तो काकीच्या बाबतीतही मला सापडला नाही.

आता आमच्या खोऱ्यात काय चाललंय तेही सांगतो. तरुण माणसं पुण्या-मुंबईत. गावात म्हातारे, त्यांच्यात पेन्शनवाले फौजी बरेच. पेन्शन बँकेत जमा होते, पण बँकेतनं पैसे काढून आणायला माणूस नाही. आणि त्याच वेळी आमच्याच गावांतल्या बायका पहाटेची एसटी धरून पुण्याला जातात, ब्यूरोतर्फे, बारा तासांच्या ड्यूटीवर. कुणाच्या तरी आजीला न्हाऊ घालायला, कुणाच्या तरी आजोबांना फिरवायला. काम तेच, जे त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी घरात फुकट केलं. आता त्याला दर आहे, सुट्टी आहे. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही, उलट बरंच वाटतं. फक्त हा दर शहरात मिळतो, आणि ज्या गावातून ती एसटी निघते तिथं उरलेल्या म्हाताऱ्याला तो परवडत नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात काकी जोत्यावरून घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा नीट उभी राहिली नाही. तेव्हा मुलांनी वेल्ह्याकडच्या एका मुलीला बोलावून घेतलं. विशीतली पोर, ब्यूरोत सहा महिने काम केलेली. तिचा पगार काकीच्या पेन्शनीतून जायचा. महिन्याच्या सुरुवातीला काकी उशाखालचं पासबुक काढून मला वाचून दाखवायला सांगायची आणि बोटं मोजून म्हणायची, "इतके पोरीचे. आधी तिचे काढ."

मी एकदा दुपारी गेलो तर पोर काकीला कुशीवर वळवत होती आणि काकी तिला रागावत होती. हात दंडाला धरू नको म्हणाली. एक हात खांद्याच्या खाली घाल, एक कंबरेखाली, गुडघा खाटेला टेकव, आणि श्वास सोडताना ओढ, म्हणजे तुझी पाठ जायची नाही. पोरीनं तसं केलं. काकी अलगद वळली.

"कोणी शिकवलं तुम्हाला, आजी?" तिनं विचारलं.

काकीनं भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं खुंटीला तात्यांचा पाय अजून टांगलेला होता.